भामाताई, त्या तहकूब सभेबद्दल

भामाताई, आज जे सांगायला बसलोय ते मी कित्येक वर्षं टाळलं. आधी नोकरी होती म्हणून टाळलं. मग निवृत्त झालो, आता कोण विचारतंय म्हणून टाळलं. गेल्या आठवड्यात तुमच्या बाराव्याला तर माझ्या हातात माइक होता आणि समोर सगळं गाव बसलं होतं, तरीही टाळलं.

तुमच्या सुनेनं, प्रमिलानं, मला मुद्दाम पुढं बोलावलं. "भाऊसाहेब, तुमी आईंच्या वेलचे. दोन शब्द बोला." मी बोललो. तुमच्या काळात झालेली गटारं, स्मशानभूमीवरची शेड, स्वच्छतेचा मिळालेला पुरस्कार. सगळं खरं, आणि सगळं गावाला आधीच माहीत असलेलं. खाली येऊन बसलो तेव्हा मागच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "सगला केला बायनं, आनि शेवटाला गाव इकला." शेजारी म्हणाला, "आता सून इलेक्शनला उभी राहतेय. ती कुठं सही करते ते बघाया लागंल." मग दोघं बाराव्याच्या मांडवात हसतात तसे मान खाली घालून हसले. मी मागं वळून पाहिलं नाही. जेवलो, प्रमिलाला नमस्कार केला आणि घरी आलो.

त्या दोघांना उत्तर देऊ शकेल असा त्या मांडवात मी एकटाच होतो. म्हणून आता लिहितोय, आणि हे छापायला देणार आहे. गावाचं नाव घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तुम्ही आमच्या सरपंच होतात आणि मी तुमचा ग्रामसेवक, म्हणजे पंचायतीचा सरकारी चिटणीस. कामोठे आणि रोडपाली यांच्या मधल्या त्या गावात मी पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही ओटीवर सुकट निवडत बसला होतात. मी नमस्कार करून माझं गाव सांगितलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "घाटावरचे काय? मंग मासली खात नसाल. दोन वर्षं टिकाल का नाय?" मी म्हणालो, खात नाही पण टिकेन. तुम्ही आत हाक मारलीत, "अगो, भाऊसायबांना च्या दे. सुकटीच्या हातानं देऊ नको, पलून जातील."

टिकलो, आणि पुढे सुकटही खायला लागलो. पनवेलला भाड्यानं घर घेतलं, मुलीला तिथल्या शाळेत घातलं. ग्रामसेवकाला सगळीकडे भाऊसाहेबच म्हणतात. पण तुम्ही म्हणायचात तेव्हा मला ते नात्यातलं वाटायचं.

आपलं भांडण कायम एकाच गोष्टीवरून असायचं. पनवेल शहराला नगरपालिका इंग्रजांच्या काळापासून. आजूबाजूच्या गावांकडे भातशेती होती आणि मिठागरं होती. त्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या आणि गावांकडे उरलं ते गावठाण आणि त्यावर कारभार करणारी ग्रामपंचायत. चारी बाजूंनी सेक्टर उभे राहिले, आणि मधे आपलं ऑफिस, पत्र्याचं. मी म्हणायचो, ताई, एवढ्याशा पंचायतीला आता हे झेपणार नाही. कचरा, सांडपाणी, इमारती, याला मोठी यंत्रणा पाहिजे. तुम्ही म्हणायचात, "यंत्रना मोठी झाली का तिचं दार कुठं हाय ते सापडत नाय. ज्याच्या दारात जाऊन शिव्या घालता येतात तो आपला कारभारी."

आणि खरंच, तुमच्या दारात येऊन लोक शिव्या घालायचे. गावठाणात झालेल्या इमारतीत राहणारे एक नोकरदार गृहस्थ एकदा पाण्याची तक्रार घेऊन आले होते. "मॅडम, प्रेशरच नाही. रिटन कंप्लेंट कुणाच्या नावे करायची?" तुम्ही म्हणालात, "रिटन नको. घर म्हाईत झाला ना? उद्या पानी नाय आला तं सकालीच या, मना उठवा." दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही आणि ते सहा वाजता खरंच आले. तुम्ही तशाच त्यांना घेऊन टाकीवर गेलात. ते गृहस्थ पुढे दर ग्रामसभेला यायचे, पहिल्या रांगेत बसायचे.

हा वाद आपण कधी मिटवला नाही. आजही मला वाटतं की माझ्या म्हणण्यात तथ्य होतं. पण माझं म्हणणं बरोबर होतं, त्याचाच आडोसा घेऊन मी पुढचं सगळं केलं. त्यामुळे त्या तथ्याची मला आता लाज वाटते.

शहर, सेक्टर आणि गावं मिळून एक महापालिका होणार असं ठरायला लागलं तेव्हा पंचायतींची मतं मागवली गेली. आसपासच्या गावांत विरोधाचे ठराव होत होते. तुमचं मत सगळ्यांना माहीत होतं, तरी तुम्ही ते ठरावात घालायला तयार नव्हतात. मासिक सभेत तुम्ही सदस्यांना बजावलंत, "जायचा का नाय जायचा ते माज्या एकटीच्या सहीवर नाय. गाव बसंल, बायका बसतील, बिल्डिंगवाले बसतील. बोलू दे सगल्यांना. मंग जा बोलले तं जाऊ." मला ते फार आवडलं होतं. घरी जाऊन बायकोला सांगितलंही होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तालुक्याच्या एका साहेबांनी मला बोलावून घेतलं. ते आता हयात नाहीत आणि त्यांच्यावर ढकलायचंही नाही. ते म्हणाले, "तुमच्या गावाकडून विरोधाचा ठराव यायला नको बुवा. कसं करायचं ते तुम्हाला मी काय शिकवणार?" मग फाइल चाळत म्हणाले, "पोलादपूरला एक जागा रिकामी आहे. कुणाच्या तरी गळ्यात घालावी लागेल." माझी मुलगी तेव्हा बारावीला होती.

कसं करायचं ते मला खरंच माहीत होतं. ग्रामसभेला ठरावीक माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला माणसांची अट नसते. पाच जण असले तरी ठराव होतो, आणि कायद्यानं तो अख्ख्या गावाचा असतो. हा नियम केला तो कामं अडू नयेत म्हणून. आमच्या खात्यात त्याचा दुसरा उपयोग सगळ्यांना ठाऊक असतो: गाव येऊ शकणार नाही असा दिवस बघायचा.

तसा दिवस आगरी गावात शोधावा लागत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी हळद असते आणि हळदीला घर रिकामं करून सगळे मांडवात असतात. पाटलांच्या थोरल्याची हळद होती. शिवाय गावच्या धवलारीण तुम्हीच. तुमच्याकडे लग्नाचे विधी धवले गाऊन होतात आणि ते गाणारी बाई मांडवात नसेल तर हळद लागत नाही, हे घाटावरून आलेल्या मलासुद्धा एव्हाना पक्कं माहीत झालं होतं. मी तोच दिवस काढला.

तुम्ही तारीख बघून हसलात. "अवो भाऊसाहेब, त्या दिवशी पाटलांकडं हलद हाय. सभेला कुत्रा पन येनार नाय."

"मत पाठवायची मुदत संपत आलीय, ताई. माणसं नाही जमली तर तहकूब करू."

"म्हंजे पुढं ढकलू?"

"हो," मी म्हणालो.

तुम्ही नोटिशीवर सही केलीत. मुदत संपायला अजून अवकाश होता. मधे एक रविवार मोकळा होता, तो मी तुम्हाला दाखवला नाही.

हळदीच्या दिवशी मी रिकाम्या खुर्च्यांसमोर बसलो आणि माणसं नाहीत म्हणून सभा तहकूब केली, दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ घातली. सकाळी सात-आठ जण आले. त्यांना महापालिका हवीच होती आणि त्यांना यायला मीच सांगितलं होतं. माझा निरोप मिळाल्यावर तुम्ही मांडवातून सरळ आलात. रात्रभर गाऊन आवाज बसला होता, हात कोपरापर्यंत पिवळे होते, आणि तासाभरात परत जायचं होतं, कारण नवरदेव निघायचा होता. दारात उभं राहून तुम्ही खुर्च्या पाहिल्यात.

"मानसंच नाय. मंग ठराव कसला?"

मी म्हणालो, "ठराव म्हणजे नुसतं मत, ताई. काही अंतिम नाही. पुढं विशेष सभा घेता येईल, सगळ्या गावाची."

"नक्की घ्याल?"

"घेऊ की."

बाहेरून कुणीतरी पोर तुम्हाला बोलवायला आलं. तुम्ही पदराला हात पुसलेत आणि होकाराच्या ठरावावर अध्यक्ष म्हणून सही केलीत.

विशेष सभा झाली नाही. मी ती काढलीच नाही. तुम्ही दोनदा विचारलंत. एकदा मी म्हणालो, वरून पत्र यायचंय. दुसऱ्यांदा म्हणालो, आता उशीर झाला. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत. माझी बदली झाली नाही. मुलीनं बारावीची परीक्षा पनवेलातूनच दिली.

मी इतकी वर्षं स्वतःला एकच सांगत आलो: ठराव नसता झाला तरी गाव महापालिकेत गेलंच असतं. ज्या गावांनी नाही म्हटलं तीही गेलीच. हे खरं आहे. पण त्या गावांतली माणसं आजही म्हणतात, आम्ही नाही म्हटलं होतं, आम्हाला ओढून नेलं. तुमच्या गावाला तेवढंही म्हणता येत नाही, आणि त्याचं खापर तुमच्या डोक्यावर फुटलं. मी पैसे घेतले नाहीत, हेही मी स्वतःला सांगायचो. घेतले असते तर निदान कुठंतरी परत करता आले असते.

महापालिकेच्या विरोधातला मोर्चा मैदानावर येऊन बसला, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. निवेदन घ्यायला आलेल्या साहेबांबरोबर मी टेबलाशी उभा होतो. भाषण करणाऱ्यानं विरोध केलेल्या गावांची नावं घेतली, टाळ्या झाल्या, मग तो थांबून म्हणाला, "आनि आपल्याच एका गावानं हो म्हटला. सही कोनाची ते मी बोलत नाय, ती बाय हितंच बसलीय." सगळ्या माना वळल्या. तुम्ही बायकांमधे बसला होतात, उठला नाहीत, मान खाली घातली नाहीत. मला वाटलं आता तुम्ही माझ्याकडे बोट कराल. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माइक माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी सतरंजीच्या टोकावरची माती बुटानं सारत राहिलो.

पंचायत बरखास्त झाली आणि तुमचं सरपंचपद गेलं, त्याचं तुम्हाला फार वाटलं नसावं. पण पुढच्या लग्नसराईत तुम्हाला धवल्यांना बोलावणं आलं नाही. पत्रिका यायच्या, जेवायचं आमंत्रण असायचं. मांडवात उरणकडची धवलारीण असायची, नाहीतर नुसताच डीजे. तुमच्या सख्ख्या पुतण्याच्या हळदीला तुम्ही खुर्चीवर बसून होतात आणि दुसरी बाई गात होती. मी त्या मांडवात होतो. तिचा एक शब्द चुकला तेव्हा तुमचे ओठ हलले आणि मग तुम्ही पदर तोंडाला लावलात.

महापालिकेच्या घरपट्टीची बिलं यायला लागल्यावर तर बोलायलाच नको. गल्लीत पोरं म्हणायची, "आजीला पाठवा भरायला." ती पोरं त्या हळदीच्या वेळी जेमतेम चालायला लागली असतील.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं. पनवेलात हॉल घेतला होता. तिनंच हट्ट धरला की हळदीला भामामावशी पाहिजेत. आमच्यात धवले नसतात, मी तसं म्हणून पाहिलं. खरं म्हणजे मला तुमच्यासमोर उभं राहायचं नव्हतं. तुम्ही आलात, पिशवीत तुमची हिरवी साडी घेऊन, आणि हॉलच्या खोलीत बदलून आलात. "आवाज पयल्यासारखा नाय," तुम्ही माझ्या बायकोला सांगितलंत, "पन पोर आपली हाय." मग गायलात. देवांना बोलावलंत, आणि तुमच्या रीतीप्रमाणे मुलीच्या आईचं नाव घेतलंत, बापाचं नाव घेतलंत. भरल्या हॉलमधे, हळद लागताना, तुमच्या तोंडून माझं नाव. पाहुणे मोबाइल वर धरून उभे होते. मी जेवणाची व्यवस्था बघायचं निमित्त करून खाली पार्किंगमधे गेलो आणि गाणं संपेपर्यंत तिथंच राहिलो.

त्यानंतर मी एकदा तुमच्या ओटीवर आलो, सांगायचंच असं ठरवून. प्रमिला चहा ठेवून आत गेली. मी म्हणालो, "ताई, त्या सभेचं…" तुम्ही बशीत चहा ओतून फुंकर मारत होतात.

"काय त्या सभेचा?"

"लोक अजून बोलतात."

"बोलतान." तुम्ही चहा प्यायलात. "भाऊसाहेब, मना म्हाईत हाय. मना त्याच आठवड्याला कलला. शेजारच्या गावच्या सरपंचानी सांगितला, तहकुबीला मानसं लागत नाय."

मी विचारलं, मग तुम्ही का बोलला नाहीत? मैदानावर का बोलला नाहीत?

"काय बोलू? मना बाबूनी फसवली बोलू? मंग काय बोलले असते लोक? बायला काय कलतं, अंगठ्याची सरपंच. आमच्यात पयल्यांदाच बाय बसली होती खुर्चीत. गाव इकला बोलतान ते चालंल. इकनाऱ्याला निदान अक्कल असते." तुम्ही हसलात. मग बशी खाली ठेवून म्हणालात, "तुमी रविवार लपवला, तेचा मात्र वाईट वाटला. पोलादपूरचा पन मना मागशी कलला. तुमी बोलला असता तं तुमची बदली थांबवाया मी तालुक्याला जाऊन बसली असती."

मी काय म्हणालो ते लिहायलाही हात धजत नाही. मी म्हणालो, "चहात आलं छान उतरलंय."

तुम्ही आत हाक मारलीत, "प्रमिला, भाऊसायबांना अजून च्या दे."

तेव्हा आज मी तुमची इच्छा मोडतोय, ताई. तुम्ही जे झाकलंत ते मी उघडं करतोय. पण गावानं ते नीट वाचावं. तुम्हाला कळत नव्हतं म्हणून हे झालं नाही. त्या सकाळी ऑफिसच्या दारात, रात्रभराच्या जागरणानंतर, तुम्ही नेमका तोच प्रश्न विचारलात जो विचारायला हवा होता. कायदा शिकलेल्या माणसानंही याहून वेगळं काही विचारलं नसतं. त्याचं खरं उत्तर मला माहीत होतं. ते असं होतं: ताई, सही करू नका, ही सही झाली की गावाचा शेवटचा शब्द हाच. मी ते दिलं नाही. सरपंचाच्या प्रश्नाला खरं उत्तर देण्याचा मला पगार होता. म्हणून तो ठराव गावाचा नाही, तुमचाही नाही. तो माझा आहे. प्रमिला उद्या उभी राहिली आणि कुणी तिला सासूच्या सहीवरून टोमणा मारला, तर तिनं हा कागद दाखवावा आणि माझ्या घरी पाठवावं. मी पनवेलातच आहे, घर सगळ्यांना माहीत आहे.

तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी कामोठ्याला आलो होतो. रिक्षात सगळा वेळ एक वाक्य घोकत होतो. चार शब्द बदलले, परत पहिलेच घेतले. रिक्षावाल्यानं एकदा मागं वळून पाहिलं, त्याला वाटलं मी त्याच्याशी बोलतोय. तुमच्या घशात नळी होती, बोलता येत नव्हतं. तुम्ही हातानं खुर्ची दाखवलीत. मी बसलो. प्रमिला औषधं आणायला खाली गेली, खोलीत आपण दोघंच. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, वाट बघावी तशा, आणि यावेळी तुम्हाला मधे बोलून विषय बदलता येणार नव्हता की मला वाचवता येणार नव्हतं. आणि मी तुम्हाला महापालिकेच्या थकबाकीवर सूट मिळणार आहे म्हणे, त्याचं सांगत बसलो. दोनदा सांगितलं. प्रमिला आली तेव्हा उठलो. तुम्ही माझा हात धरून थोपटलात, आजाऱ्यानं भेटायला आलेल्याला धीर द्यावा तसा.

रिक्षात घोकलेलं वाक्य हे होतं:

भामाताई, मी तुमच्याशी खोटं बोललो, माझ्या सोयीसाठी बोललो, तुम्ही ते गावासमोर निमूट सोसलंत आणि मी बघत उभा राहिलो. मला माफ करा.